रस्ता दाखवणारा हात

आसुबोनीच्या मोटार-तळावर उतरलं की आधी अडुसेईची अक्षरं दिसतात आणि मग माणसं. 'शत्रूंनो, बघत बसा' हे शिवणकामाचं दुकान, 'येशूचा विजय' हा पंक्चरवाला, 'धीर धर भाऊ' हे केस कापायचं दुकान, सगळ्यांच्या पाट्या त्याच्याच हातच्या. एकेका अक्षराला तो सावली द्यायचा, सावलीला कडा द्यायचा, कडेवर पांढरी चमक मारायचा आणि एवढं करून जागा उरलीच तर कोपऱ्यात वेलबुट्टी काढायचा. अक्षर बिचारं आत कुठेतरी गुदमरलेलं असायचं. आमच्या ट्वी भाषेत दोन अक्षरं अशी आहेत जी इंग्रजांकडे नाहीत, एक उघडा ओ आणि एक उघडा ए. या दोघांवर अडुसेईचा विशेष जीव. उघड्या ओला तो इतकी शेपटी काढायचा की ती फिरून परत त्यालाच चिकटायची आणि ओ बंद व्हायचा.

"मास्टर, तुझी पाटी वाचता येते," ट्रोट्रो, म्हणजे प्रवासी मिनीबस, चालवणारा डोंकोर म्हणायचा, "फक्त गाडी तिच्यासमोर बंद पडायला हवी."

"वाचायला बायबल आहे ना," अडुसेई म्हणायचा. "पाटी बघायची असते. माणूस थांबला पाहिजे."

"माणूस थांबतो रे. माझी गाडी थांबत नाही, तिचं काय करू?"

अडुसेई अशा लोकांना उत्तर देत नसे. तो कुमासीला एका मोठ्या पाटीवाल्याकडे शिकला होता. तिथे कित्येक वर्षं नुसते ब्रश धुतले आणि मग एकदा गुरूने खूश होऊन त्याला एका अक्षराची सावली भरायला दिली. तेव्हापासून सावली हेच खरं काम आणि अक्षर हे तिला टेकायला दिलेलं निमित्त, असं त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. स्वभावाने मात्र भला माणूस. कुणाचं दुकान नवं असलं की रात्रंदिवस खपायचा आणि दुकानदार खूश झाला की स्वतःच लाजायचा.

लाजला नाही तो फक्त सासूपुढे, कारण सासू कधी खूश झालीच नाही.

सासूचं नाव फ्रिमपोमा, आणि आमच्याकडे थोर बाईला एनो म्हणतात म्हणून एनो फ्रिमपोमा. आप्राडे गावात तिची कोकोची बाग होती, आणि वाळवलेल्या मासळीचा धंदा. अडुसेई तिच्या लेकीला, सेरवाला, मागणी घालायला गेला तेव्हा रिवाजाप्रमाणे थोरांना पुढे घालून, जिनच्या बाटल्या घेऊन दारावर टकटक केली. एनोने बाटल्या बघितल्या, मग पोरगा बघितला.

"करतोस काय?"

"अक्षरं रंगवतो, एनो."

"कुणाची?"

"ज्यांचं दुकान असेल त्यांची."

"म्हणजे दुकान दुसऱ्याचं, नाव दुसऱ्याचं, अक्षरं गोऱ्यांची. यात तुझं काय?"

"रंग," अडुसेई म्हणाला.

एनोने लेकीकडे असं बघितलं, जणू म्हणत होती, अजून वेळ गेलेली नाही. पण सेरवा हट्टी होती, आणि तिला तो लाजरा माणूस मनापासून आवडला होता. लग्न झालं. पुढच्याच आठवड्यात सासूचं मन वळवायला म्हणून अडुसेईने आप्राडेला जाऊन तिच्या दारावर तिचं नाव रंगवलं, लाल आणि निळ्यात, दोन सावल्यांचं. एनोला वाचता येत नव्हतं. तिने चर्चच्या शिक्षकाला बोलावलं. तो बराच वेळ दारासमोर मान वाकडी करून उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "एनो, काहीतरी पवित्र असावं." तेव्हापासून ती जावयाला 'मास्टर' म्हणू लागली. गावही त्याला मास्टरच म्हणायचं, पण एनोच्या तोंडी तो शब्द वेगळा लागायचा.

मग आसुबोनीत दवाखाना झाला. गावाबाहेर, डांबरी रस्ता सोडून आत, कडुनिंबाच्या झाडांत. आजूबाजूच्या सगळ्या गावांतून माणसं येणार होती. पाट्यांचं काम साहजिकच अडुसेईकडे आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं काम मिळालं होतं की ज्याच्यासाठी लांबून लोक येतील. सेरवाही तेव्हा पोटुशी होती, तिचं बाळंतपण तिथेच व्हायचं होतं. अडुसेई आठवडाभर मोठ्या रस्त्यावरची पाटी रंगवत बसला. त्या पाटीत त्याने गुरूकडून शिकलेलं आणि स्वतः शोधलेलं सगळं ओतलं. निळ्यावर लाल अक्षरं, सोनेरी सावली, आणि प्रत्येक ओच्या पोटात एक फूल.

पाटी उभी राहिली आणि माणसं थांबली. अगदी त्याच्या मनासारखी थांबली. गावोगावची मंडळी तिच्याखाली उभी राहून फुलं मोजायची, हा रंग कुठला, ही सावली कशी काढली यावर वाद घालायची. मग जवळच्या टपरीवर चौकशी करायची की इथे नवा दवाखाना झालाय म्हणतात, तो कुठे.

दवाखान्याच्या मुख्य सिस्टर डुफी. बाई बारीक, आवाज मोठा. त्यांनी अडुसेईला बोलावून घेतलं.

"मास्टर, तुमची पाटी बघायला लोक येतात. दवाखान्यात येत नाहीत."

"सिस्टर, लोकांना वाचायची सवय नाही."

"चला माझ्याबरोबर."

त्यांनी त्याला रस्त्याने चालवत नेलं, पार उसाच्या गाड्या उभ्या राहतात तिथपर्यंत. मग मागे वळवलं.

"इथून वाचा."

अडुसेईने घडाघडा सगळी पाटी म्हणून दाखवली.

"तुम्ही आठवताय," सिस्टर डुफी म्हणाल्या. "वाचा म्हणतेय मी."

अडुसेईने डोळे बारीक केले. लांबून निळ्यावरचा लाल नुसता थरथरत होता. सावली कुठली आणि अक्षर कुठलं ते कळत नव्हतं. ज्या ओच्या पोटात फूल होतं तो ओ आहे की भोपळा, हे काढणाऱ्यालाच सांगता येईना. हे मात्र खरं की तो खोटं बोलला नाही.

"उद्घाटनाला साहेबलोक यायच्या आत हे सुधारलं नाही," सिस्टर म्हणाल्या, "तर मी कुमासीहून छापील पाट्या मागवते. यंत्रावर होतात. त्यांना फुलं काढता येत नाहीत, हाच त्यांचा गुण."

कुमासीची छापील पाटी! आसुबोनीत, त्याच्या डोळ्यांसमोर, आणि तीही जिथे त्याचं पहिलं मूल जन्माला येणार त्या दवाखान्यावर! अडुसेईला ते जिवाला लागलं. ती पाटी एकदा गावात शिरली की 'शत्रूंनो, बघत बसा'पासून 'धीर धर भाऊ'पर्यंत सगळे तिकडेच वळतील हे त्याला कळत होतं. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. सासू ती पाटी बघेल आणि काही बोलणार नाही.

त्याने अंगणात नवे पत्रे मांडले. पिवळा रंग दिला. त्यावर काळी, जाड, सरळ अक्षरं. शेपट्या कापल्या, सावल्या पुसल्या. प्रत्येक अक्षराशेजारी जागा सोडली तेव्हा त्याचा हात पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे जायचा, आणि सेरवा बाकावरून ओरडायची, "अंहं! तिथे काही नाही!" तिचं पोट पुढे आलं होतं, पाय सुजले होते, तरी ती उठून अंगणाच्या पार टोकाला, शेळ्या बांधायच्या जागेपर्यंत जायची आणि तिथून दिसेल ते मोठ्याने वाचायची. वाचता आलं नाही की अडुसेई पुसून पुन्हा काढायचा. उघडा ओ त्याने इतका उघडा ठेवला की आता त्याला कुणी बंद समजणं शक्य नव्हतं. उघड्या एचे दोन्ही हात लांब केले.

"कशी दिसतात गं?" एकदा त्याने घाबरत विचारलं.

"आधी तुझी अक्षरं नवरदेवासारखी सजून बसायची," सेरवा म्हणाली. "आता कामाला निघाल्यासारखी दिसतात."

त्याला ते आधी टोमण्यासारखं वाटलं. मग रंग धुता धुता जरा बरं वाटलं.

नव्या पाट्या लागल्या. डोंकोरने गाडी न थांबवता ओरडून सांगितलं, "वाचली रे मास्टर! पूर्ण वाचली!" आणि पुढे जाऊन उगाचच हॉर्न वाजवला. वाचता येणारी माणसं सरळ दवाखान्यात पोचू लागली. सिस्टर डुफींनी मान हलवली, पण समाधानाची ती मान नव्हती.

"आता ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?" त्या म्हणाल्या. "माझ्या इथे निम्म्या बायका अशाच आहेत. हात काढा. बोट दाखवणारा."

अडुसेईला हा थोडा अपमान वाटला. अक्षरावर अक्षरशून्याची सोय! पण बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. फाटकातून आत गेलं की रस्ता दुभंगतो. डावीकडे बाळंतिणींचा आणि मुलांचा विभाग, उजवीकडे झाडांच्या मागे शवागार. त्या दुभंगावरच्या पाटीवर दोन हात हवे होते. अडुसेईने पुठ्ठ्यावर स्वतःचा उजवा हात ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली, एक बोट लांब केलं, अंगठा वर, नखं नीट काढली, मनगटाला शर्टाची बाही दिली आणि पुठ्ठा कापला. शवागाराच्या ओळीवर तो ठेवून रंग मारला. मग बाळंतिणींच्या ओळीसाठी तोच पुठ्ठा उलटा केला आणि पुन्हा रंग मारला, नखांसकट. एका पुठ्ठ्यात दोन दिशा. तो स्वतःवरच इतका खूश झाला की घरी जाऊन सेरवाला दोनदा सांगितलं.

त्याने सगळं डोकं अक्षरांना दिलं होतं. हात हे ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीचं, म्हणजे त्याच्या लेखी किरकोळ काम होतं. आपल्या आईने लहानपणी ज्या गोष्टीसाठी त्याच्या बोटांवर चमचा हाणला होता, ती गोष्ट त्याला त्या वेळी आठवली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत फुफूच्या, म्हणजे कुटलेल्या कंदांच्या गोळ्यांच्या, खानावळीत तावियाह त्याच्याजवळ येऊन बसला. तावियाह शवागारात कामाला होता. जन्मभर तिथे काम करून त्याचा आवाज मऊ झाला होता, आणि तो सगळ्यांशी दुखवट्याला आल्यासारखाच बोलायचा.

"मास्टर, माझ्याकडे हल्ली जिवंत माणसं यायला लागलीत."

"बढती मिळाली म्हण," अडुसेई फुफूचा घास रश्शात बुडवत म्हणाला.

"चेष्टा नाही. काल एक गरोदर बाई आली. परवा एक आजोबा, नातवाला ताप आलेला. मी म्हटलं, एवढी घाई कशाला?"

सगळे हसले. अडुसेईही हसला. लोक बघून चालत नाहीत, असं तो म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

सेरवाला कळा सुरू झाल्या त्या दिवशी भल्या सकाळी. अडुसेईने तिला डोंकोरच्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं आणि डोंकोरलाच पुढे आप्राडेला निरोप देऊन पाठवलं, की एनोला सांग, सेरवाला दवाखान्यात नेलंय. मोबाइल तेव्हा आमच्याकडे आलेले नव्हते. निरोप एवढाच, आणि निरोप देणारा डोंकोर, म्हणजे त्यातला अर्धा रस्त्यातच गळणार.

बाळंतिणींच्या खोलीत पुरुषांना सोडत नाहीत. अडुसेई व्हरांड्यातल्या बाकावर बसला. आतून कधी सेरवाचा आवाज यायचा, कधी सिस्टर डुफींचा, आणि मग कितीतरी वेळ कुणाचाच नाही. एक नर्स धावत गेली. एक धावत आली. त्याने विचारलं तर "थांबा हो, थांबा" म्हणाली. तो थांबला. समोर भिंतीवर त्याचीच पाटी होती, 'शांतता राखा', जाड काळ्या अक्षरांत. ती तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला. देवा, तिला काही होऊ देऊ नकोस, एवढंच त्याच्या मनात होतं.

तिकडे एनो फ्रिमपोमाने निरोप मिळताच पामच्या फळांचा लालभडक रस्सा केला, धुरावर वाळवलेली मासळी घातली, झाकणाचं पातेलं फडक्यात बांधलं, डोक्यावर घेतलं आणि डोंकोरच्या गाडीत बसली. वाटभर तिने त्याला हळू चालव म्हणून आणि भरभर चालव म्हणून आळीपाळीने झापलं. दवाखान्याच्या फाटकाशी उतरली. आत शिरली. दुभंगावर आली आणि पाटीसमोर उभी राहिली.

पाटीवर दोन हात होते. एक उजवा, एका बाजूला वाट दाखवणारा. दुसरा डावा, दुसऱ्या बाजूला.

आमच्याकडे डाव्या हाताने कुणाला काही देत नाहीत, कुणाकडून घेत नाहीत, आणि थोरामोठ्यांना वाट तर मुळीच दाखवत नाहीत. लांबून डावं बोट दाखवणं म्हणजे चल, निघ इथून. एनोने तो हात बघितला आणि तिचा चेहरा ताठ झाला. ती बाई असल्या ठिकाणी जाणार नव्हती जिथे दारातच असं स्वागत होतं. तिने मान वळवली आणि जो हात रीतीने, उजवा, आदराने बोलावत होता, त्याच्या मागे निघाली. पातेलं डोक्यावर, पाठ सरळ.

झाडांच्या मागे एक बाक होता. त्यावर दुखवट्याच्या लाल-काळ्या कपड्यांत माणसं बसली होती, रडून रडून दमलेली. एनो जरा थबकली. तोवर तावियाह बाहेर आला.

"कुणाकडे आलात, एनो?" त्याने नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं.

"माझी लेक. सेरवा. आज सकाळी आणली."

सकाळी तावियाहकडे खरोखरच एक तरुण बाई आणली होती, अपघातातली. तिचं नाव अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि तो सगळ्यांना जे म्हणतो तेच म्हणाला.

"धीर धरा, एनो. या, आत या."

पातेलं खाली पडलं. एनोने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि अशी किंचाळली की कडुनिंबावरची पाखरं उडाली. ती आत गेली नाही. मागे फिरली आणि लेकीचं नाव घेत धावत सुटली, कुठे ते तिलाही माहीत नव्हतं.

व्हरांड्यात अडुसेईने तो आवाज ऐकला. आधी त्याला वाटलं, शवागारातलं रोजचंच. मग त्यात सेरवाचं नाव ऐकू आलं. तो उठला. झाडांमधून एनो येत होती, हात डोक्यावर, पायांत चपला नाहीत. ती येत होती शवागाराकडून.

त्याला सगळं एकदम कळलं, म्हणजे सगळं चुकीचं कळलं. ती मघाची शांतता. ती धावणारी नर्स. मागच्या दाराने नेलं, आणि मला सांगितलंही नाही. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला तो बसलाच, आणि एनो येऊन त्याच्या अंगावर पडली. ज्या सासूने कधी त्याच्या सलामाला धड उत्तर दिलं नव्हतं ती त्याच्या गळ्यात पडून रडत होती, आणि तो तिच्या.

"काय चाललंय हे?" दारात सिस्टर डुफी उभ्या होत्या. "पाटी वाचता येत नाही का? शांतता राखा!"

अडुसेईने तोंड वर केलं. त्याच्याकडे बघून सिस्टरचा आवाज एकदम खाली आला.

"अहो, मुलगी झालीय. थोडा वेळ लागला, पण दोघी छान आहेत. झालंय काय तुम्हाला?"

मग आतून, थकलेला पण चांगला खणखणीत, सेरवाचा आवाज आला.

"आई आलीय ना? तिला म्हणावं, रस्सा आणलास का? मला भूक लागलीय!"

एनो उठली. रडता रडता तिने लुगड्याचं टोक डोळ्यांना लावलं, नाक पुसलं, आणि दारातून आत अशी घुसली की सिस्टर डुफीच बाजूला झाल्या. थोड्या वेळाने तावियाह उरल्यासुरल्या रश्शाचं पातेलं दोन्ही हातांत धरून आला. तो बापडा रडत होता. जन्मभर असल्या कामात राहूनही तो त्या दिवशी रडला, कारण त्याच्या दारातून कुणीतरी आपल्या जिवंत माणसाकडे परत गेलं होतं.

बाळ बघून झालं, तळाशी उरलेला रस्सा सेरवाने चाटूनपुसून खाल्ला, आणि मग एनो बाहेर येऊन जावयासमोर उभी राहिली.

"मास्टर. ती पाटी तू केलीस?"

"हो, एनो."

"आणि तो डावा हात?"

अडुसेईने बोलायला तोंड उघडलं. पुठ्ठा. उलटा केलेला पुठ्ठा. उजव्याचा झालेला डावा, अगदी नखांसकट. तावियाहकडे आलेले आजोबा, ती गरोदर बाई, सगळ्यांना त्याने स्वतःच्या हाताने हाकललं होतं आणि वर तो हसलाही होता. त्याला इतकी लाज वाटली की एनो ओरडली असती तर बरं झालं असतं.

पण ती ओरडली नाही. "मी म्हटलं, माझी लेक असल्या ठिकाणी नसेल," एवढंच म्हणाली. ते त्याला जास्त लागलं.

सिस्टर डुफी स्पष्ट बोलल्या. उद्घाटन दोन आठवड्यांवर आलंय. तो हात तसाच राहणार नाही. आणि उद्या नवा काढून तो पुन्हा चुकला तर कुमासीला गाडी पाठवतील. अडुसेईने त्याच संध्याकाळी त्या हातावर पिवळा रंग फासला. मग घरी बसून उजवा हात डावीकडे बोट दाखवताना काढायचा प्रयत्न करू लागला, आणि जमेना. जो काढावा तो डावाच वाटायचा. डोंकोरने येऊन एक नमुना बघितला आणि सांगितलं की हा हात आहे हे खरं, पण माणसाचा आहे असं नाही.

बाळाचं नाव ठेवायचा दिवस उजाडला. रिवाजाप्रमाणे पाण्याचा आणि दारूचा थेंब बाळाच्या जिभेला लावून झाला. अडुसेईने मुलीला सासूचंच नाव दिलं, फ्रिमपोमा. प्रेमाने की भीतीने, यावर गावात अजून एकमत नाही. मंडळी जेवायला बसली तेव्हा एनो अंगणात आली. तिथे पुठ्ठ्यांचा ढीग पडला होता, सगळे फसलेले हात.

"हे काय?"

"जमत नाहीये, एनो," अडुसेई म्हणाला. हे वाक्य त्याने तिच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

"तुला डावीकडची वाट कुणी विचारली तर तू कशी दाखवतोस?"

अडुसेईने नकळत उजवा हात छातीवरून पलीकडे नेला आणि डावीकडे बोट केलं. मग त्या हाताकडे बघतच राहिला. पाठ दिसत नव्हती, नखं दिसत नव्हती. मुडपलेली तीन बोटं, तळवा, वर अंगठा.

"हाच काढायचा," तो म्हणाला. "पण रंगवताना हात असा धरून बसायचा कसा? ब्रश कशात धरू?"

"डाव्यात धरशील का?" एनो म्हणाली, आणि चक्क हसली. "उचल तुझे डबे."

नव्या नातीचं बारसं सोडून ती जावयाबरोबर दवाखान्यात गेली. दुभंगावर, पाटीशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्यांसारखी आत तोंड करून उभी राहिली आणि उजवा हात छातीवरून डावीकडे धरला. अडुसेईने रंग कालवला. म्हातारीच्या हातावर जे जे होतं ते त्याला काढावंसं वाटत होतं, सुरकुत्या, मासळी कापताना झालेले व्रण, बोटातली जुनी अंगठी. त्याने यातलं काही काढलं नाही. एक जाड काळी रेघ, बोटं, अंगठा, मनगट. लांबून दिसेल एवढंच. ऊन चढलं. एनो हात तसाच धरून उभी होती.

"थोडं टेका, एनो."

"काढ तू. याच हाताने मी त्या दिवशी डोकं धरलं होतं. आता जिथे दाखवायला हवं तिथे दाखवू दे त्याला."

अडुसेईने ब्रश पुन्हा रंगात बुडवला. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्याला अंगठा दोनदा काढावा लागला.

शेवटची रेघ ओढून तो मागे सरला तेव्हा फाटकातून एक बाई आत आली, परगावची, पोटाला हात लावून चालणारी, बरोबर कुणी नाही. दुभंगावर आली आणि गोंधळून दोन्हीकडे बघू लागली. रंग अजून ओला होता. एनोने हात खाली केला नाही.

"इकडे, पोरी," ती म्हणाली. "सावकाश जा. तिथे बाया चांगल्या आहेत."

बाई एकदा म्हातारीच्या हाताकडे बघून, एकदा पाटीवरच्या हाताकडे बघून डावीकडे निघाली. ती बाई दिसेनाशी होईपर्यंत एनो तशीच उभी होती.

"मास्टर," मग ती म्हणाली, "हात आखडलाय माझा. खाली येत नाहीये."

अडुसेईने ब्रश खाली ठेवला. तो हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळूहळू, दुखणार नाही असा खाली आणला. त्यात त्याचा डावाही होता. एनो काही म्हणाली नाही.